कोंबड्यांना जंताचं औषध दिलं, तीन आठवड्यांत पुन्हा जंत. आता तर अंड्यातच निघाला

मालती_मळा (चोपडा)

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न लांबला तर सांभाळून घ्या. चुलीपाशी बसून फोनवर लिहितेय, मधेमधे उठावं लागतंय.

आमचा मळा चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. ४६ गावरान पक्षी आहेत. ३१ अंड्यावरच्या, ४ कोंबडे, बाकी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या. खुराडं विटांचं, वर पत्रा, पण ते फक्त रात्रीपुरतं. दिवसभर सगळ्या मोकळ्या. अंगण, गोठा, उकिरडा, कपाशीच्या कडेकडेनं फिरतात. संध्याकाळी ज्वारी नाहीतर मक्याचा भरडा टाकते, बाकी त्यांचं त्या शोधतात. अंडी चोपड्यात घरपोच देते, १५ रुपयाला एक.

आषाढात रोज १८-२० अंडी होती. श्रावणात १२ वर आली. श्रावणात तसंही अंड्याला कोणी विचारत नाही, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. मग एका रात्री खुराड्यात हात घालून एकेक उचलून पाहिली तर अंगाला काहीच नाही. पिसांमुळे गुबगुबीत दिसतात, पण छातीचं हाड हाताला विळीच्या पात्यासारखं लागलं. तुरे फिकट. सकाळी विष्ठेत एक जंत दिसला, बोटाएवढा लांब, पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता. शेवयाचा तुकडाच जसा.

तालुक्याच्या एका दुकानातून औषध आणलं. दुकानदाराने ना कोंबड्यांचं वजन विचारलं, ना संख्या. 'झाकणभर पाण्यात टाका' एवढंच म्हणाला. लेबल अर्धं घासलेलं होतं, त्यावर पायपेराझीन एवढं वाचता आलं. कानबाईचं (श्रावणातला आमचा खानदेशी सण) विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चार भांड्यांतून दिलं. दोन दिवस जंतच जंत पडले. मला वाटलं, चला, सुटलो. आठ-दहा दिवस तुरेही जरा लाल झाले. आणि पोळ्याला बैलांच्या मागे अंगण झाडताना परत तेच, शेवया. शिवाय या वेळी ताज्या विष्ठेवर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी दिसलं. खाली बसून बघत राहिले तर ती कणी आखडली आणि लांबली. अंगावर काटा आला.

त्यावर कळस म्हणजे माझ्या एका गिऱ्हाईक मास्तरीणबाईंनी काल आमलेटला अंडं फोडलं आणि पांढऱ्यात सहा-सात सेंटिमीटरचा जंत. फोटो पाठवला, खाली एक शब्द लिहिला नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाई म्हणतात, 'कोंबडीले कसानी दवा लागस? ती मातीमा वाढस, मातीमाच बरी व्हस.' शेजारचे काका म्हणतात बर्ड फ्लू असेल, २००६ ला नवापूरला असंच झालं होतं. त्यांच्या त्या एका वाक्यावर तीन घरांनी अंडी बंद केली.

कोणतं औषध, किती आणि कसं द्यायचं? अंडी खायची की नाही? माझा चार वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच अंगणात मातीत असतो, त्याला काही होईल का?

केळीवाला_रावेर

ताई, लसूण ठेचून पाण्यात टाका रात्रभर, सकाळी तेच पाणी प्यायला. सोबत पपईच्या वाळलेल्या बिया कुटून भरड्यात. आमची आजी हेच करायची, आमच्याकडे कधी दवाखाना माहीत नव्हता. कोंबड्या पण मरायच्या म्हणा, पण तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

नाना_अक्राणी (सध्या शहादा)

मालतीताई, आधी मुलाचं. हा गोल जंत माणसात राहत नाही, कोंबडीचा तो कोंबडीतच. तुमच्या लेकाला यातून जंत होणार नाहीत. हात धुवायची सवय लावा, ती दुसऱ्या कारणांसाठी. मास्तरीणबाईंनाही सांगा, शिजलेलं आमलेट खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. त्या ऐकणार नाहीत, ते वेगळं.

दुसरं, काकांचं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला हे खरं, मी तेव्हा तिथे ड्युटीवर होतो. अजून ते खड्डे डोळ्यांसमोर येतात. पण त्या रोगात कोंबडी दोन महिने झिजत नाही. सकाळी ठीक आणि संध्याकाळी शेडमध्ये ढीग, असं असतं ते. एकाएकी पाच-दहा मेल्या, डोकं सुजलं, तुरा निळा पडला, तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवायचं. मान वाकडी, हिरवी-पांढरी हगवण असेल तर मानमोडीचाही, म्हणजे राणीखेतचाही, विचार करायचा. तुमचं तसं काही दिसत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-मोलगीकडे काढली. तिथे सूक्ष्मदर्शक म्हणजे तालुक्याला एक आणि तोही कपाटात. मग मी एक युक्ती केली होती. पाड्यावर पाहुणा आला की कोंबडी कापतात. मी सांगून ठेवायचो, मटण तुमचं, आतडं माझं. लोक हसायचे, म्हणायचे साहेब आतडी खातो. मी एक जुना लोखंडी तवा घ्यायचो, त्यात पाणी, आणि कात्रीने आतडं लांबीला उभं चिरून त्यात हळूच हलवायचो. काळ्या तव्यावर पांढरा जंत लगेच दिसतो, स्टीलच्या ताटात अर्धे सुटून जातात. (घरी बायकोचा चालू तवा घेऊ नका. अनुभवाचे बोल.)

त्या तव्याने मला जे शिकवलं ते असं, की 'जंत' हा एक रोग नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्यात आणि एका औषधाने दोन्ही मारायला निघालात.

शेवयासारखा तो मोठा गोल जंत. मादी १० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे ओल आणि ऊब मिळाली की दोन आठवड्यांच्या आसपास ती लागण करण्याजोगी होतात. कोंबडी माती टोचते, अंडी पोटात. गांडुळाच्या पोटातही ही अंडी बसलेली असतात आणि गांडूळ तर कोंबडीची जिलेबी. पोटात गेल्यावर अळी काही दिवस आतड्याच्या अस्तरात शिरून बसते. पायपेराझीन आतड्याच्या पोकळीतल्या मोठ्या जंताला गुंगी आणतं, तो बाहेर पडतो. अस्तरात लपलेल्या पोराला ते काही करत नाही. तुम्हाला तीन आठवड्यांनी जे दिसले ते बहुतेक हे मागे राहिलेले, आता मोठे झालेले. म्हणून एकदा देऊन भागत नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

तांदळाची कणी म्हणजे पट्टकृमी, फीतजंत म्हणा. कणी हा त्याच्या शेपटाकडचा तुटलेला तुकडा, आत अंडी भरलेली. ती हलली म्हणून तुम्ही घाबरलात, पण ते बरं झालं, कारण हलली म्हणून तर ओळखता आली. या जंतावर पायपेराझीन पूर्ण फुकट. आणि हा मातीतून थेट लागतही नाही. कणी मुंगी नाहीतर शेणकिडा खातो, त्याच्या अंगात जंताचं पिल्लू वाढतं, आणि तो किडा कोंबडी खाते. काही जाती माशीतून येतात. तुमच्याकडे गोठा आणि उकिरडा शेजारीशेजारी आहेत ना? मग कुठे शोधायचं ते कळलं.

अंड्यात जंत कसा, तर कोंबडीची विष्ठेची आणि अंड्याची बाहेरची वाट एकच असते. पोटात गर्दी झाली की एखादा जंत उलटा अंडनलिकेत चढतो आणि त्याच्यावर पांढरं आणि कवच चढून तो आत बंद होतो. फार क्वचित होतं. पण झालं याचा अर्थ पोटात गर्दी मोठी आहे. विकायची अंडी रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघत जा, आत दोरा असेल तर बऱ्याचदा सावली दिसते.

आता मला तीन गोष्टी सांगा. एक, औषधाच्या दिवशी कोंबड्या पाणी कुठे प्यायल्या? चार भांडी ठेवली हे कळलं, प्यायल्या कुठे ते विचारतोय. दोन, तलंगा आणि म्हाताऱ्या एकाच खुराड्यात का? तीन, एखादी कापायची असेल तर तवा घ्या आणि काय दिसतं ते लिहा.

रावेरच्या भाऊंना: लसणाने कोंबडीचं नुकसान नाही. जंताचंही नाही.

गणू_साक्री

नानांशी सहमत, आणि स्वतःचा कान धरून एक सांगतो. गेल्या जुलैत मी १०० पिल्लं आणली. बावीस-तेविसाव्या दिवशी पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात, डोळे मिटलेले, आणि विष्ठेत रक्त. मी पण असाच एका दुकानात गेलो, त्याने जंताची बाटली दिली. तीन दिवस ती पाजली. वर ताकद यावी म्हणून व्हिटॅमिनचं टॉनिक. चौथ्या दिवशी ५८ उरली.

ते जंत नव्हतेच. रक्ती हगवण, कॉक्सिडिया. तो साध्या डोळ्याला न दिसणारा एकपेशीय जीव, जंताच्या औषधाला तो ढिम्म. नंतर डॉक्टरांनी अॅम्प्रोलियम पाण्यातून लिहून दिलं आणि आधी टॉनिक बंद करायला लावलं, कारण त्यातलं ब-१ त्या औषधाच्या आडवं येतं. मी एका हाताने देणार होतो आणि दुसऱ्याने काढून घेणार होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त थांबलं.

पिल्लांखाली अंथरलेलं तूस ओलं होतं, पाणी सांडत होतं, हे माझं मला माहीत होतं. उद्या बदलू म्हणत होतो. त्या जंतूला ओल्या तुसात तयार व्हायला एक-दोन दिवस पुरतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. ताई, तुमच्या कोंबड्या मोठ्या आहेत, तुमचं हे नसेल. पण पिल्लं काढणार असाल तर लक्षात असू द्या.

मालती_मळा

नाना, तुम्ही विचारलं पाणी कुठे प्यायल्या, तेव्हा मला मनातून रागच आला होता. भांड्यात ठेवलं म्हणजे भांड्यातच पिणार ना. तरी आज सकाळी खुराडं उघडलं आणि ओट्यावर बसून राहिले, चहा घेऊन, पाऊण तास.

४६ पैकी भांड्यावर आल्या ७. सात! बाकी सगळ्या सरळ मोरीच्या पाठीमागे. तिथे भांडी घासल्याचं पाणी जातं, खरकटंही असतं. दहा-बारा जणी गुरांच्या हौदाखाली, जिथे म्हैस पाणी पिताना सांडते तिथे. भांडी उन्हात आणि पाणी कोमट, त्यांना कशाला गोड लागेल? म्हणजे औषध झालं ते सात जणींना, आणि त्यातही पहिल्या दोघी-तिघी डोकं वर काढेपर्यंत पीतच होत्या. त्या दिवशी तर पाऊसही झाला होता, सगळीकडे डबकी. दुकानदाराला शिव्या देत होते ते देणारच, पण अर्धा वाटा माझा.

मोरीमागची जागा नंतर नीट पाहिली. वर लिंबाची दाट सावली, उन्हाळ्यातही तिथे ओल असते. पायाखाली मऊ, काळी, विष्ठा आणि माती ओळखू येत नाही. कोंबड्यांची सगळ्यात आवडती जागा तीच आणि तलंगाही तिथेच उकरतात. हो नाना, सगळ्या एकाच खुराड्यात. वेगळं खुराडं कुठून आणू?

तव्याचं. एक तपकिरी कोंबडी तशीही बसून होती, उठत नव्हती. दिराने कापली, मी आतडं चिरलं. पहिल्यांदा हात थरथरला, नंतर नाही. गोल जंत १७ मोजले, काही पेन्सिलच्या शिशासारखे जाड. पुढे गेल्यावर फिती दिसल्या, चपट्या, पांढऱ्या, एक वीतभर लांब. ओढली तर सुटेना, डोक्याने अस्तराला चिकटलेली. आणि जिथे फिती जास्त तिथे आतड्याला बाहेरून बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी. बोटाला टच लागत होत्या. या गाठी कसल्या? दीर म्हणे टीबी आहे, सगळ्या पुरून टाक. आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या होत्या, त्यात केसांसारखे बारीक पांढरे, एक सेंटिमीटरचे.

सासूबाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, इतकं सगळं पोटात आणि तरी अंडी देत होती बिचारी. मग आत निघून गेल्या.

नाना_अक्राणी

शाबास माय. नोकरीतली पोरं एवढं नीट लिहून देत नाहीत.

काळीज पाहिलं का? म्हणजे यकृत. टीबीत गाठी यकृतात, प्लीहेतही असतात, पिवळट-पांढऱ्या. यकृत स्वच्छ असेल आणि गाठी फक्त आतड्याला, आणि आत त्याच जागी फीतजंत रुतलेला, तर त्या गाठी जंताच्या. एक जात अशी आहे की डोकं अस्तरात खोल खुपसते आणि तिथे गाठ धरते. दिराला सांगा पुरू नको. पिशव्यांतले बारीक जंत कोंबडीला स्वतः फार त्रास देत नाहीत. फक्त त्या कळपात टर्की कधी आणू नका. त्या जंताच्या अंड्यातून एक वेगळा जंतू जातो आणि टर्की पटापट मरतात.

आता औषध. मी चिठ्ठी लिहीत नाही, निवृत्त माणूस आहे आणि तुमची कोंबडी मी पाहिलेली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आठ-दहा जणींची ताजी विष्ठा डबीत घेऊन जा, सकाळची, उन्हात न ठेवलेली. मिठाच्या घट्ट द्रावणात ती कालवली की गोल जंताची अंडी वर तरंगतात, काचेवर घेऊन बघता येतात. फीतजंताचा मात्र त्यात भरवसा नाही, त्याची अंडी कणीतच बंद असतात, तपासणी कोरी येऊ शकते. म्हणून कणी आणि गाठी पाहिल्या हे तोंडाने सांगा.

हिशोब मात्र समजून घ्या, म्हणजे झाकणाने मोजायची वेळ येणार नाही. गोल जंतासाठी बहुधा अल्बेंडाझोल लिहून देतील, किलोला ५ ते १० मिलिग्रॅमच्या हिशोबाने. बाटली अडीच टक्क्यांची असेल तर १ मिलीत २५ मिलिग्रॅम औषध. म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला ०.३ ते ०.६ मिली. बघा, केवढंसं आहे ते. फीतजंताला यापेक्षा जास्त मात्रा नाहीतर प्राझिक्वांटेलसारखं वेगळं औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतील. वजन करायला कापडी पिशवीत कोंबडी घालून भाजीच्या ताणकाट्याला लटकवा. पाच-सहा करा, अंदाज बसतो.

आणि पाण्यातून नको. एकेकीला, सुई काढलेल्या सिरिंजने. पहाटे अंधारात करा, खुराड्यातच त्या शांत असतात, मागे पळावं लागत नाही. बाटली आधी जोरात हलवा, औषध खाली बसतं. पहिल्या दहा जणींना नुसतं पाणी आणि शेवटच्या दहा जणींना दुप्पट, हे मी पाहिलेलं आहे. चोच उघडली की जिभेच्या मागे एक भोक उघडझाप करताना दिसेल, ती श्वासाची वाट. त्यात थेंब गेला तर कोंबडी हातात मरते. सिरिंज चोचीच्या बाजूने, थोडं थोडं, गिळू द्यायचं. दिली तिच्या पायाला सुतळी बांधा, नाहीतर कोंबडे दोनदा पितील.

अंडी किती दिवस टाकायची ते बाटलीसोबतच्या कागदावर बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. मी स्वतः दोन आठवडे विकत नाही. आणि त्या दिवसांतल्या अंड्यांवर खुडूक बसवू नका, हे औषध गर्भाला वाईट. तलंगांना मानमोडीची लस द्यायची असेल तर जंत आधी काढा, लस आठवड्याने. जंताने पोखरलेल्या अंगात लस नीट लागत नाही.

आता जागेचं, आणि खरं दुखणं तिथेच आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशाला उघडी जमीन स्वतःच तव्यासारखी तापते. अंगणात, वावरात पडलेली जंताची अंडी त्यात वाळून मरतात. खानदेशात आपल्याला ही फुकटची मदत आहे. पण तुमच्या लिंबाखाली ऊन पोचत नाही आणि मोरी बारमाही चालू, म्हणजे वर्षभर ती जागा बी राखून ठेवते. पावसाळा लागला की तिथून सगळीकडे पेरणी. औषध कितीही चांगलं द्या, तिसऱ्या आठवड्यापासून तिथेच परत खाणार. मोरीचं पाणी नळीने लांब न्या, केळीला नाहीतर अळूला सोडा. ती काळी माती चार बोटं खरवडून काढा आणि उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या तिथे परत उकरतील. लांबच्या खड्ड्यात टाका. जागेला पऱ्हाट्यांचं कुंपण घाला आणि आतल्या फांद्या छाटा. चुन्याने, फिनाइलने जंताची अंडी सहसा मरत नाहीत, त्यांचं कवच चिवट असतं. चुना ओल ओढून घेतो, तेवढ्यासाठी टाका.

दुसरं खुराडं विटांचं हवं असं कोणी सांगितलं? अक्राणीत, म्हणजे धडगावकडे, मी पाहिलेली चांगली खुराडी चार खांबांवर असायची, कमरेएवढ्या उंचीची, तळाला बांबूच्या फटी. विष्ठा खाली पडते, कोंबडी वर राहते, रात्रीची घाण सकाळी टोचायला मिळत नाही. तलंगा तिथे ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या पक्ष्याला जंत सगळ्यात जास्त मारतात. मोठ्या कोंबड्या पोटात घेऊन फिरतात, वरून धड दिसतात आणि लहानांना वाटत सुटतात.

आणि नुसत्या ज्वारीवर अंगाला काय लागणार? ज्यांना हिरवं आणि प्रथिनं कमी त्यांना जंत जास्त छळतात. शेवग्याचा पाला बांधून लटकवा, शेंगदाण्याच्या पेंडीची मूठ भरड्यात टाका.

केळीवाला_रावेर

नाना, लसणाबद्दल ऐकून घेतलं. पण मोरीचं पाणी केळीला, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. आमची तर केळीच आहे.

मालती_मळा

उशिरा लिहितेय, कापूस वेचणी लागली.

यकृत स्वच्छ होतं, दिराला दाखवलं. डॉक्टर चांगले निघाले, डबी बघून हसले नाहीत. काचेवर गोल जंताची अंडी मलाही दाखवली, लंबगोल, जाड काठाची, एकाच काचेवर इतकी की मी मोजायचं सोडलं. दोन औषधं लिहून दिली. कोंबड्या सरासरी १ किलो ४०० भरल्या. मी झाकणाने देत होते त्या मापात काही अर्थच नव्हता.

पहाटे चार वाजता मी, दीर आणि डोक्याला बॅटरी. मी चोच उघडायची, त्याने सोडायचं. दोन तास लागले. सुतळी संपली म्हणून शेवटच्या नऊ जणींना माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या, अजून त्या गुलाबी पायांनी फिरताहेत. एक कोंबडा दिराच्या हाताला चावून गेला, बाकी कोणाला काही झालं नाही. बावीस दिवसांनी दुसरा डोस दिला, या वेळी तास-सव्वातासात आटोपलं.

मोरीला नळी जोडली, अळूच्या वाफ्यात सोडली. काळी माती काढली ती अकरा पाट्या. खाली पिवळी मुरमाड जमीन लागली, ती मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिली. खुराडं बाभळीच्या चार खांबांवर, सासऱ्यांनी बांधलं. बोलले काही नाहीत, नुसतं विचारलं फटी किती बोटांच्या ठेवू. भांडी आता सावलीत, दिवसातून दोनदा बदलते. मी मुद्दाम पुन्हा बसून मोजलं, ३८ जणी भांड्यावर. बाकीच्या हौदाखाली जातातच, म्हशीला कोण सांगणार.

अंडी काल १५. विष्ठेत कणी दिसली नाही, शेवया नाहीत. त्या तीन घरांपैकी दोन परत सुरू झाली. मास्तरीणबाई अजून घेत नाहीत, पण परवा रस्त्यात भेटल्या तेव्हा टॉर्चचं विचारत होत्या, खरंच दिसतं का म्हणून.

टॉर्चचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. रात्री जेवणं झाली की दिवा बंद करायला लावतात आणि एकेक अंडं फोनवर धरून फिरवतात. नातू शेजारी बसतो. परवा एका अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर मला झोपेतून उठवलं. नाना, तो ठिपका म्हणजे काय?

नाना_अक्राणी

काही नाही, अंडं सुटताना एखादी बारीक शीर फुटते. खायला चालतं. आईंना सांगा ते घरी ठेवा, गिऱ्हाइकाला देऊ नका.

मे महिन्यात लिंबाखालची जमीन एकदा कुदळून उन्हात उघडी टाका. आत्ताच सांगून ठेवतो, तेव्हा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गडबडीत विसराल.